काळ्या शाईतले कार्डिनल

कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चमधला पोपखालोखालचा धर्मगुरू, ओळखायचा तो त्याच्या लाल झग्यावरून. पण सतराव्या शतकात पॅरिसमध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या कोरीव चित्रांत लाल रंगाचा ठिपकाही नाही. काळी शाई आणि कागद, बस्स. रेशमाची झळाळी, लोकरीचा जाडपणा, गालावरची सुरकुती, सगळं रेघांवर भागवायचं.

तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर ब्यूरिन हे टोकदार पोलादी हत्यार तळहाताने रेटत चर पाडत. रेघ वळवायची तर हात स्थिर ठेवून पत्राच फिरवायचा. जोर वाढला की चर रुंद होतो, रेघ काळी उमटते. मग चरांत शाई भरून वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. छाप उलटा येतो, म्हणून कोरायचंही उलटंच.

क्लोद मेलांने १६४९ मध्ये ख्रिस्ताचा अख्खा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून सुरू होणाऱ्या एकाच गोलाकार रेघेत कोरला. ही झाली कसरत. धर्मगुरूंच्या चित्रांत खरा दबदबा रँसच्या रोबेर नांतयचा. समोर बसवून तो आधी रेखाटन करी आणि मगच पत्र्याला हात लावी. फ्रान्सचे मुख्य मंत्री असलेल्या कार्डिनल माझारँचे चेहरे त्याने दहाहून अधिक वेळा कोरले. (हे कार्डिनल, पण पुरोहितपदाची दीक्षा त्यांनी कधी घेतलीच नव्हती.) रस्त्यावर त्यांची टर उडवणाऱ्या पत्रकांचा पूर आला होता, नांतयच्या चित्रांतले माझारँ मात्र शांत, लंबगोल चौकटीत बसलेले.

मागणीही चिकार होती. विद्यार्थी आपला प्रबंध एखाद्या बिशपला अर्पण करत, तेव्हा मोठ्या कागदावर वर आश्रयदात्याचं चित्र आणि खाली प्रमेयं छापली जात. १६६० मध्ये चौदाव्या लुईने फर्मान काढून हे कोरीवकाम मुक्त कला ठरवलं; कारागीर-संघाची बंधनं त्याला लागू होणार नव्हती.

या परंपरेचं टोक माझ्या मते १७२३ चं: फ्रान्समधल्या मो गावचे बिशप बोस्यूए यांचं चित्र. मूळ रंगचित्र चित्रकार रिगोचं, कोरणारा सव्विशीच्या आसपासचा पिएर-अँबेर द्रवे. बोस्यूए जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली लेस भिंगाखाली धरावी: कापडाची जाळी, तिच्यातली नक्षी, मागचा घोळ, सगळं वेगळं कळतं. शेजारी फरचे केस. चेहऱ्यापर्यंत पोहोचायला जरा वेळच लागतो.