दहा अंकी क्रमांक मोबाइलचा की पुस्तकाचा?

ब्राउझरमधला टूलबार म्हणजे न विचारता येऊन बसणारी आणि संगणक संथ करणारी पट्टी, एवढीच त्याची ओळख बहुतेकांच्या मनात उरली आहे. त्यामुळे सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाईंनी वाचकांसाठी स्वतःचा टूलबार करण्याचे सुचवले, तेव्हा ‘म्हणजे व्हायरस घालायचा का?’ हाच पहिला प्रश्न आला. त्यांची अडचण मात्र खरी होती. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा अभ्यास करणारा विद्यार्थी ऑनलाइन दुकानात पुस्तकाची किंमत पाहून हळहळतो आणि तेच पुस्तक आपल्याच ग्रंथालयाच्या कपाटात आहे, हे त्याच्या गावीही नसते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात तयार झालेल्या ‘लिबएक्स’ या ग्रंथालयांसाठीच्या ब्राउझर-टूलबारने यावर उपाय केला होता. वेबपानावर आयएसबीएन, म्हणजे मलपृष्ठावर छापलेला पुस्तकाचा क्रमांक आढळला की तो ग्रंथालयाच्या कॅटलॉगशी जोडला जाई. फायरफॉक्स ब्राउझरने नोव्हेंबर २०१७ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायची अशी छोटी पूरक साधने बंद केली, तरी आज तेच काम ॲड्रेस बारशेजारच्या एका बटणात मावते.

खरी गंमत आहे ती क्रमांक ओळखण्यात. जुना आयएसबीएन दहा अंकी असतो आणि आपला मोबाइल क्रमांकही दहा अंकीच. त्यात भारतीय पुस्तकांचे बरेच जुने क्रमांक ८१ ने सुरू होतात, आणि कित्येक मोबाइल क्रमांकही. मग प्रोग्रॅमने फरक करायचा कसा?

उत्तर शेवटच्या अंकात आहे. पहिल्या अंकाला १० ने, दुसऱ्याला ९ ने, असे उतरत्या क्रमाने शेवटच्या अंकाला १ ने गुणून बेरीज केली, तर तिला ११ ने निःशेष भाग गेला पाहिजे. शेवटचा अंक मुद्दाम तसाच निवडलेला असतो आणि तिथे १० यावे लागले तर रोमन ‘एक्स’ छापतात. अकराच का, तर ती मूळ संख्या आहे म्हणून. एखादा अंक चुकला, तर बेरजेत पडणारा फरक हा त्या अंकाचा गुणक आणि चुकीचे अंतर यांचा गुणाकार असतो. हे दोन्ही ११ पेक्षा लहान असल्याने त्या गुणाकाराला ११ ने कधीच भाग जात नाही आणि चूक हमखास सापडते. दोन असमान अंकांची अदलाबदलही याच कारणाने पकडली जाते. १ जानेवारी २००७ पासून लागू झालेल्या तेरा अंकी क्रमांकात १ आणि ३ ने आलटून पालटून गुणून १० ने भाग देतात. तिथे ५ चे अंतर असलेल्या शेजारच्या अंकांची अदलाबदल निसटते. मला जुनी रीतच अधिक देखणी वाटते. (मोबाइल क्रमांकाच्या अंकांची बेरीज करून ‘लकी नंबर’ विकणारेही गणितच करतात, पण त्यांची बेरीज चुकली हे सिद्ध करण्याची सोय नसते.)

या चाळणीतून यादृच्छिक दहा अंकी क्रमांकांपैकी सुमारे अकरांतला एकच सुटतो. मात्र अर्जांवर नमुन्यादाखल छापतात तसे ९ पासून ० पर्यंत उतरते अंक घेऊन पाहा: ९०, ७२, ५६, ४२, ३०, २०, १२, ६, २ आणि ० यांची बेरीज ३३० होते, म्हणजे बरोबर ११ गुणिले ३०. नमुन्याचा हा क्रमांक प्रोग्रॅमच्या लेखी अस्सल पुस्तक ठरतो!

असे सुटलेले क्रमांक कॅटलॉगला विचारून गाळता येतात. पण प्रत्येक पान उघडताच आपोआप विचारणा केली, तर पुस्तकांबरोबर लोकांचे काही फोन क्रमांकही ग्रंथालयाच्या सर्व्हरवर जाऊन पडतील. म्हणून चाळणी वाचकाच्याच संगणकावर चालवावी, क्रमांकाशेजारी फक्त चिन्ह उमटवावे आणि वाचकाने ते दाबल्यावरच कॅटलॉगकडे विचारणा जावी, असे ठरले. पहिल्या चाचणीत एका विद्यार्थ्याने नेमके प्रवेश अर्जावरच्या त्या नमुना क्रमांकाशेजारचे चिन्ह दाबले. उत्तर आले: ‘या पुस्तकाची नोंद नाही.’