फोडणी झेलणारी भिंत

तेल पुरतं तापलं की मोहरी पडते, मग हिंग, हळद, आणि शेवटी नुकतीच धुतलेली कढीपत्त्याची पानं. फोडणीच्या तेलाचं तापमान १७० ते २०० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. पानावरचा पाण्याचा थेंब तेलापेक्षा जड असल्याने आधी तेलात बुडतो आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते. पाण्याची वाफ होताना तिचं आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. ती वाफ वरच्या तेलाला धक्का देऊन बाहेर पडते, आणि तेल उडतं. जड थेंब ओट्यावर पडतात, त्याहून हलके मागच्या भिंतीवर जातात, आणि डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहून गार पृष्ठभाग सापडेल तिथे बसतात. चिमणी त्यातले बरेचसे ओढून घेते, सगळे नाही.

ओट्याच्या वर आणि वरच्या कपाटांच्या खाली जो दोनेक फुटांचा पट्टा असतो, त्याला बांधकामाच्या भाषेत डॅडो म्हणतात. घर लावताना या पट्ट्याचा विचार बहुतेक वेळा रंग आणि नक्षी एवढाच होतो. पण घरातल्या दुसऱ्या कुठल्याही भिंतीच्या वाट्याला तेल, वाफ, हळद, आंबट आणि आच एकाच वेळी येत नाही. तिथे काय लावायचं, हे आपण काय शिजवतो यावरून ठरलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. दुसरं मत असं, की आपण वस्तू निवडण्यात आठवडे घालवतो आणि तिच्या सांध्यांकडे पाहतही नाही. भिंत खराब होते ती बहुधा सांध्यांतून.

आधी तेलाचं पाहू. ताजं तेल साबणाने निघतं. आठ-पंधरा दिवसांनी जो पिवळसर, मेणचट थर हाताला लागतो, तो तेल उरलेलाच नसतो. तेलातली असंतृप्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जातात, त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि हळूहळू एक प्रकारचं वार्निश तयार होतं. कुठलं तेल किती लवकर असं घट्ट होईल, हे मुख्यतः त्यातल्या लिनोलेइक आम्लासारख्या घटकांवर अवलंबून असतं. पारंपरिक वाणांच्या करडई तेलात त्याचं प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं, शेंगदाणा तेलात ते साधारण पाव ते एक तृतीयांश आणि खोबरेल तेलात जेमतेम दोन टक्के. म्हणूनच करडईचं तेल चित्रकारांच्या तैलरंगांतही वापरलं जातं. ते आपोआप सुकून टणक होतं. करडई, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल वापरणाऱ्या घरातली भिंत खोबरेल तेलात स्वयंपाक करणाऱ्या घरापेक्षा लवकर चिकट होते ती यामुळे.

हा थर काढायला आम्लारिधर्मी पदार्थ लागतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू (म्हणजे pH, सातच्या वर जितका जास्त तितकं द्रावण आम्लारिधर्मी) ११ च्या आसपास असतो, खाण्याच्या सोड्याचा ८ च्या थोडा वर. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून कापड भिजवायचं आणि ते दहा मिनिटं भिंतीवर चिकटवून ठेवायचं (हातात मोजे घालून). तेवढ्या वेळात चिकट थराचे बंध तुटू लागतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा जो उपाय सतत सांगितला जातो, त्यात फेस छान दिसतो. पण आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निष्प्रभ करतात आणि साफ करणारं फारसं काही उरत नाही. भिंतीवर ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर मात्र धुण्याचा सोडा तिच्यापासून दूर ठेवा, तो ॲल्युमिनियमला खातो.

हळदीची गोष्ट वेगळी. तिचा पिवळा रंग करक्युमिन या रेणूमुळे येतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतो. म्हणजे फोडणीचा प्रत्येक थेंब हा तयार रंगच असतो. गुळगुळीत काचेवर तो वर बसून राहतो आणि पुसला की जातो. सच्छिद्र पृष्ठभागात तेल आत झिरपतं आणि रंगालाही सोबत नेतं. साबण लावल्यावर हळदीचा डाग लाल होतो, कारण आम्लारिधर्मी माध्यमात करक्युमिन रंग बदलतं. हळदीपासून कुंकू बनतं तेही याच गुणामुळे. उन्हात हा रेणू तुटतो, म्हणून कपड्यावरचा हळदीचा डाग दोन-चार उन्हांत फिकटतो. स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीवर ऊन येत नाही, त्यामुळे तिथला डाग मुक्काम करतो.

आता दुकानात जाऊ. टाइलचे दोन मुख्य प्रकार समोर येतात, सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड. फरक आतल्या मातीच्या भाजणीचा आहे. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचं अंग सच्छिद्र असतं. तिला पाण्यात बुडवलं तर ती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. व्हिट्रिफाइड टाइल साधारण १,२०० अंशांना भाजतात. तिच्यातली खनिजं अर्धवट वितळून छिद्रं बुजतात आणि पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत येतं. दुकानात टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका. सिरॅमिक तो बघता बघता पिऊन टाकेल.

पण भिंतीसाठी हा फरक वाटतो तेवढा निर्णायक नाही, कारण सिरॅमिक टाइलच्या तोंडावर ग्लेझचा, म्हणजे काचेचाच पातळ थर भाजलेला असतो. तो शाबूत आहे तोवर तेल, हळद, चिंच, काहीही आत शिरत नाही. पायाखाली येणारी फरशी झिजते, भिंत झिजत नाही. त्यामुळे डॅडोसाठी चांगली ग्लेझ्ड सिरॅमिक टाइल पुरते, आणि ती स्वस्तही पडते. व्हिट्रिफाइड घेतलीत तर एक गोष्ट मिस्त्रीला बजावून सांगा. ती पाणी पीत नाही, म्हणून सिमेंटची साधी स्लरी, म्हणजे पातळ कालवलेलं सिमेंट, तिला धड पकडत नाही. तिला पॉलिमर मिसळलेलं टाइल ॲडहेसिव्ह लागतं. भिंतीवरून निखळून पडणाऱ्या मोठ्या टाइल्समागे बऱ्याचदा हेच कारण असतं. काम झाल्यावर प्रत्येक टाइल ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथे मसाला बसलेला नाही.

मॅट फिनिश सध्या फार चालतं. दिसायला ते देखणं आहे, पण मॅट म्हणजे सूक्ष्म पातळीवर खडबडीत, आणि त्या बारीक खाचांत तेल अडकतं. गॅसच्या मागे तरी चकचकीत ग्लेझ घ्यावं. रोज ती भिंत पुसणारं माणूस घरात कोणीतरी असतं. त्याच्या मनगटाचा विचार नक्षीच्या आधी व्हावा.

आणि आता सांधे. दहा फूट लांब, दोन फूट उंच भिंत धरा. एक फूट रुंद आणि दोन फूट उंच टाइल उभी लावली तर दहा टाइल्स बसतात आणि त्यांच्यामध्ये एकूण १८ फूट सांधा येतो. त्याच भिंतीवर चार इंची चौकोनी टाइल लावली तर सांध्यांची लांबी १०८ फूट होते. एक इंची मोझेक लावलं तर ४६८ फूट. भिंत तेवढीच, पण डाग पिणारी रेघ सव्वीस पट.

ती रेघ डाग का पिते? पारंपरिक पद्धतीत सांधा व्हाइट सिमेंटने भरतात. सिमेंट घट्ट होताना त्यातलं जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे केसासारख्या बारीक नळ्या उरतात. तेल त्यांत आपोआप खेचलं जातं. शिवाय सिमेंट स्वतः आम्लारिधर्मी असल्याने त्यात शिरलेली हळद तांबूस होते. पांढऱ्या टाइल्स लखलखीत आणि त्यांमधल्या रेघा काळपट-तांबड्या, असं चित्र अनेक घरांत दिसतं. इपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायच्या मसाल्याला ग्राउट म्हणतात) यावर खरा उपाय आहे. राळ आणि तिला घट्ट करणारा दुसरा घटक मिसळले की त्यांचे रेणू जाळ्यासारखे बांधले जातात आणि नळ्या उरतच नाहीत. ते महाग आहे, आणि लावणाऱ्याला घाई करावी लागते, कारण टाइलच्या तोंडावर सांडलेलं इपॉक्सी सुकण्याआधी पुसलं नाही तर नंतर निघता निघत नाही. कडक ऊन येणाऱ्या जागी पांढरं इपॉक्सी पिवळं पडतं, म्हणून खिडकीजवळ राखाडी रंग बरा. टाइल्स एकमेकींना खेटून लावायचा आग्रह मात्र मोडून काढा. दोन-तीन मिलिमीटरची फट नसेल तर ग्राउट आत जात नाही. वरवर रंगवल्यासारखं बसतं आणि वर्षभरात निघून येतं.

सांधेच नकोत असं वाटलं तर काच हा सुंदर पर्याय आहे. मात्र ती टफन्डच हवी. काच ६२० अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला सतत आवळून धरतो. या दाबामुळे काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. साध्या काचेच्या मधल्या भागात आणि कडेत सुमारे ४० अंशांचा फरक पडला तरी ती तडकू शकते. टफन्ड काच २०० अंशांचा फरक सोसते. मोठं पातेलं मागच्या बर्नरवर ठेवलं की भिंतीवर असा फरक सहज तयार होतो, त्यामुळे मागून रंग दिलेली साधी काच गॅसपाशी लावू नये. टफन केल्यावर काचेला भोकही पाडता येत नाही. प्लगच्या जागा, कडा, सगळं आधी ठरवावं लागतं. म्हणून माप ओटा पक्का बसल्यावरच घ्यायचं. मागे पांढरा रंग हवा असेल तर कमी लोहाची काच मागा. साध्या काचेतल्या लोहामुळे पांढरा हिरवट दिसतो.

संगमरवराबद्दल स्पष्टच सांगते, स्वयंपाकघराच्या भिंतीला तो लावू नका. तो कॅल्शियम कार्बोनेट आहे. लिंबातलं सायट्रिक आम्ल, चिंचेतलं टार्टरिक आम्ल, कोकमाचं आगळ, यातलं काहीही पडलं की दगड विरघळून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि चमक कायमची जाते. दगडावर लावायचा सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, डाग थोपवतो, ही झीज थोपवू शकत नाही. आपल्याकडच्या जुन्या ओट्यांचा कडप्पा आणि शहाबादी फरशी हेही चुनखडीचेच दगड, त्यामुळे त्यांचीही हीच गत. ग्रॅनाइट प्रामुख्याने क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचा असल्याने आम्लाला दाद देत नाही. ओट्याचाच ग्रॅनाइट भिंतीवर चढवला तर सांधेही कमी होतात. नमुन्याचा तुकडा घरी आणा. त्यावर एका बाजूला लिंबाचा थेंब आणि दुसऱ्या बाजूला तेलात कालवलेली हळद रात्रभर ठेवा. सकाळी पुसल्यावर जे दिसेल ते कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरं.

कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी राळ असते. भिंतीवर त्या डाग धरत नाहीत, पण राळेला आच सोसत नाही. याहून गंभीर गोष्ट कापणाऱ्याची आहे. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकाच, आणि लादी कोरडी कापताना उडणारी तिची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कारागिरांमधल्या या आजारामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या लाद्यांवर बंदी घातली. ग्रॅनाइट आणि टाइलच्या धुळीतही सिलिका असतेच. आपल्या घरी कटर चालू झाला की पात्यावर पाणी सोडायला सांगा, आणि मास्क नसेल तर आणून द्या.

स्टील उत्तम टिकतं. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो, ओरखडा गेला तरी तो हवेत पुन्हा तयार होतो. मात्र मीठ आणि ब्लीच त्याला भोकं पाडतात. समुद्राकाठी, कोकणात किंवा गोव्यात, मॉलिब्डेनम असलेलं ३१६ ग्रेडचं स्टील जास्त टिकाऊ. इतरत्र ३०४ ग्रेड पुरतं. चुंबक लावून खात्री करू नका, हलक्या दर्जाच्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही.

राहिली प्लॅस्टिकची मंडळी. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, ॲक्रिलिक १०० च्या जरा वर. गॅसमागच्या भिंतीवर हे आकडे दूरचे नाहीत. स्वस्तात मिळणारे चिकटवायचे स्टिकर आणि पॅनेल सिंकच्या मागे चालतील, आचेजवळ नकोत. आत पॉलिथिलीन असलेल्या ॲल्युमिनियम कंपोझिट शीटबद्दल तर अजिबात तडजोड नको. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेली आग अशाच आवरणामुळे भराभर वर चढली आणि ७२ माणसं गेली.

शेवटचा सांधा ओटा आणि भिंत भेटतात तिथला. मिक्सर, खलबत्ता, जड पातेली यांमुळे ओटा थोडा हलतो, भिंत हलत नाही. तिथे भरलेलं सिमेंट किंवा इपॉक्सी तडकतं आणि पाणी मागे उतरून खालची कपाटं फुगवतं. या कोपऱ्यात लवचीक सिलिकॉन सीलंटच हवा, तोही बुरशीरोधक. भरण्याआधी कोपरा पूर्ण कोरडा करा, भरल्यावर एक दिवस तिथे पाणी लागू देऊ नका, आणि काही वर्षांनी तो कडेने सुटू लागला की पातीने काढून नवा भरा.