पॉकेट डायपर आणि कव्हर डायपर: बाहेरून जुळे, आतून वेगळे

कापडी डायपरचे हे दोन्ही प्रकार दुकानात शेजारी टांगलेले असतात. तेच चित्रांचं कापड, तीच टिचबटणांची रांग, मांडीला तेच इलॅस्टिक. बाहेरचं कापडही एकच, पीयूएल: पॉलिस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला, ओल बाहेर येऊ न देणारा. म्हणून दोन्हींत गल्लत होते, घरी आणल्यावर पहिल्याच रात्री दुपटं भिजतं आणि कापडी डायपरच बाद ठरतात. दोष कापडाचा नसतो, वापर उलटा झालेला असतो.

ओळखायचं असं. आत हात घाला. मागे किंवा पुढे फट सापडली आणि आतलं कापड लवदार, मऊ लागलं, तर तो पॉकेट. फट नसून आतूनही गुळगुळीत पीयूएलच लागलं, तर ते कव्हर. काही कव्हरना पुढे-मागे घडीचं टोक अडकवायला छोटी पट्टी असते, तिला खिसा समजू नका.

पॉकेटमध्ये शोषणारी घडी, म्हणजे इन्सर्ट, खिशाच्या आत जाते. लवदार अस्तर शू खाली जाऊ देतं आणि स्वतः फारसं ओलं राहत नाही, त्यामुळे बाळाचं अंग कोरडं राहतं. मात्र अस्तर डायपरलाच शिवलेलं असल्याने प्रत्येक वेळी अख्खा डायपर धुवायला जातो. कव्हरमध्ये लंगोट किंवा घडी वर ठेवायची, ती थेट कातडीला लागते. नुसती शू झाली असेल तर घडी बदला, कव्हर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या आणि दुसरं लावा. दोन कव्हरं आलटून पालटून बराच वेळ चालतात. शी लागली की मात्र ते धुवायलाच हवं.

सर्वांत जास्त घात इथे होतो: पॉकेटसोबत आलेलं मायक्रोफायबरचं, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम धाग्यांचं, इन्सर्ट कव्हरवर उघडं ठेवलं जातं. मायक्रोफायबर कातडीतलीही ओल ओढतं, कातडी कोरडी पडते आणि लाल होते. त्याची जागा खिशातच. कव्हरवर फक्त सुती किंवा बांबू-सुतीची घडी.

संख्येचं गणित. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा वेळा तरी बदलावं लागतं. रोज धुतलं तरी पॉकेट वीस-चोवीस लागतात. कव्हर पाच-सहा पुरतात, सोबत दोन डझन सुती लंगोट. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येतं, अशा गावांत हा फरक मोठा आहे, कारण रोज चार कव्हरं आणि लंगोट धुणं आणि बारा जाड डायपर धुणं यांत बादल्यांचा फरक पडतो. लंगोट एकपदरी असल्याने पावसाळ्यातही लवकर वाळतात, जाड इन्सर्ट आषाढात दोन-दोन दिवस ओलसर राहतं आणि वास धरतं.

आता पाण्याची जात. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नसेल, साबण फेसत नसेल, तर पाणी जड आहे. अशा पाण्यात साबणाची वडी वापरली की साबण आणि क्षार मिळून चिकट साका बनतो, तो धाग्यात बसतो. घडी कडक होते, शोषेनाशी होते आणि शूचा झणझणीत वास येऊ लागतो. म्हणून वडीऐवजी डिटर्जंट पावडर वापरा, बादलीत एक-दोन चमचे धुण्याचा सोडा टाका आणि शेवटी साध्या पाण्यात नीट खळबळा. फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नको, त्याचाही थर बसतो. लंगोट उकळता येतात, हा त्यांचा मोठा फायदा. पीयूएल उकळू नका, थर सुटतो आणि मग गळती थांबत नाही. पॉकेटचं इन्सर्ट धुण्याआधी बाहेर काढायचं, आत राहिलं तर मधला भाग स्वच्छ होत नाही. खोबरेल तेल किंवा रॅशचं मलम लावणाऱ्यांनी पॉकेटबाबत जपावं: तेलकट थर अस्तरावर बसला की शू वरूनच घसरते. लंगोट गरम पाण्यात सोड्याने धुतला की तो थर निघतो.

नवं सुती कापड पहिल्याच दिवशी शोषत नाही, धाग्यावर नैसर्गिक मेण असतं. चार-पाच वेळा धुऊन मगच वापरा. आजीच्या मऊ झालेल्या धोतराचे किंवा सुती लुगड्याचे लंगोट यात पुढे असतात, वर्षानुवर्षांच्या धुण्याने ते तयारच असतात. फक्त कापड निव्वळ सुती हवं. पाण्याचा थेंब टाका, लगेच जिरला तर चालेल.

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात दोन्ही प्रकारांचं पीयूएल उष्णता कोंडतं. भरदुपारी घरात नुसता लंगोट बांधावा, कव्हर किंवा पॉकेट रात्री आणि बाहेर जाताना. वाळत घालताना घड्या कडक उन्हात, त्याने डाग फिके होतात, डायपर आणि कव्हर सावलीत, नाहीतर इलॅस्टिक सैल पडतं.

मग पॉकेट घ्यायचेच नाहीत का? तीन-चार जरूर घ्या. लांब झोपेला आणि एसटीच्या प्रवासाला तेच बरे. रात्री खिशात दोन इन्सर्ट घाला: वर पटकन शोषणारं मायक्रोफायबर, खाली सावकाश पण जास्त धरणारं बांबू-सुती. उलट ठेवलं तर वरचं शोषायच्या आत शू बाजूने वाहते. घडी घालायची सवय नसलेल्या आजोबांनाही आधीच भरून ठेवलेला पॉकेट लावता येतो. बाकी दिवसभरासाठी खान्देशात कव्हर आणि लंगोटच सोयीचे.

गळती झाली तर आधी मांडी बघा. इलॅस्टिक मांडीवर नव्हे, जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, पोटाशी पट्टी दोन बोटं जातील इतकी सैल हवी. कव्हरच्या बाहेर लंगोटाचं टोक डोकावत असेल तर तेवढ्यानेही झबलं भिजतं, कडेने बोट फिरवून ते आत सारा. मुलाच्या घडीचे जास्त पदर पुढे, मुलीचे मधोमध. नाळ पडेपर्यंत पुढची कड बेंबीखाली दुमडूनच बटण लावा.