जुन्या कोडची साफसफाई आणि ३२,७६८ किल्ल्या

जुना कोड दिसला की नव्या प्रोग्रामरचे हात शिवशिवतात. सगळं पाडून नव्याने लिहू म्हणजे चुकाही जातील, असा सर्रास समज आहे. पण कोड लाकडासारखा कुजत नाही. त्यातली विचित्र ओळ पुष्कळदा आधी कधीतरी झालेल्या बिघाडावरचा इलाज असते, फक्त कारण कुणी लिहून ठेवलेलं नसतं. एआय रातोरात जुना कोड नव्या भाषेत उतरवून देईल, असा सध्या गाजावाजा आहे. पण जे कारण कोडमध्ये लिहिलेलंच नाही, ते एआय तरी कुठून आणणार?

डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये २००६ साली झालेला बदल यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. ओपनएसएसएल ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात असा तयार कोड, माहिती कुलूपबंद करायच्या गुप्त किल्ल्या तयार करते. त्यासाठी रँडम आकडे लागतात. पण संगणक पडला हिशेबी, तेच दिलं की तेच उत्तर देणार. म्हणून मिळेल तिथून अनिश्चित माहिती गोळा करून एका साठ्यात घुसळतात आणि त्यातून आकडे काढतात.

हे घुसळण्याची ओळ कोडमध्ये दोन जागी होती, दिसायला जवळपास सारखी. एका जागी ती मेमरीत आधीपासून पडलेला कचरा साठ्यात टाकायची. दुसरी जागा म्हणजे साठ्याचं मुख्य दारच, सगळी माहिती तिथूनच आत यायची. व्हॅलग्राइंड हे तपासणीचं साधन ‘किंमत न भरलेली मेमरी वापरली जाते आहे’ अशी तक्रार करत होतं, म्हणून दोन्ही ओळी बंद केल्या गेल्या. पहिली गेल्याने फारसं बिघडलं नसतं. दुसरीबरोबर दारच बंद झालं. बदल करणाऱ्याने आधी जाणकारांना विचारलंही होतं, पण धोका कुणाच्या ध्यानात आला नाही.

अनिश्चित म्हणावं असं उरलं ते फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा, क्रमांक, जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर, एका लांबीच्या किल्ल्या तेवढ्याच. हल्लेखोराने सगळ्या आधीच बनवून ठेवायच्या आणि एकेक लावून पाहायची!

प्रोग्राम मात्र सुरळीत चालत होता. किल्ल्याही नेहमीइतक्याच लांब दिसत होत्या. डेबियनचेच एक प्रोग्रामर लुचानो बेलो यांना हा दोष सापडला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. ओळ परत घालून भागणार नव्हतं. मधल्या काळात बनलेली प्रत्येक किल्ली, ती नंतर कुठल्याही संगणकावर नेलेली असो, शोधून रद्द करावी लागली.