ट्री फर्न म्हणजे जंगली माड नव्हे!
निलगिरीला फिरून आलं की आपल्या साताऱ्यातलं कुणी ना कुणी ट्री फर्नचा फोटो टाकतंच आणि खाली लिहितं 'जंगली माड'. अहो माड नाहीये तो, नेचा आहे, महाबळेश्वरला पावसाळ्यात ओल्या दगडी भिंतीवर उगवतो ना त्याचाच भाऊबंद, फक्त याच्या काही जाती 15-20 मीटर उंच जातात. माडाला फुलं येतात, नारळ लागतो, याला फूलही नाही न बीही नाही. पान उलटं करून बघा, तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतील, ती कीड नाही, बीजाणूंची, म्हणजे ज्यातून नवी रोपं येतात त्या बारीक कणांची, पुडकी आहेत. कोवळं पान तर गोगलगाईच्या शंखासारखं गुंडाळलेलं असतं, किती देखणं दिसतं! आणि खोड जाड वाटतं ते लाकडामुळे नाही, बाहेरून मुळांचा जाड थर चढलेला असतो, त्यावर ऑर्किड छान लागतात म्हणून लोक ही झाडं तोडत आले, याचं फार वाईट वाटतं.