गोलकिक आणि मुलांच्या मॅचमधला उशीर

फुटबॉलमध्ये गोलकिक म्हणजे बॉल शेवटी समोरच्या टीमच्या खेळाडूला लागून गोललाइनच्या पूर्ण बाहेर गेला, जमिनीवरून असो की हवेतून, आणि गोल झालेला नाही, अशा वेळी बचाव करणाऱ्या टीमला मिळणारी किक. बॉल छोट्या डीमध्ये, म्हणजे 5.5 मीटरच्या गोल एरियात, कुठेही ठेवता येतो, पण तो थांबलेला पाहिजे. किक गोलकीपरनेच मारली पाहिजे असं काही नाही, टीममधला कोणीही मारू शकतो. समोरच्या पोरांनी तोपर्यंत मोठ्या डीच्या, 16.5 मीटरच्या पेनल्टी एरियाच्या, बाहेर राहायचं. बॉलला पाय लागून तो स्पष्ट हलला की खेळ चालू.

ही शेवटची ओळ 2019 सालची आहे आणि मुलांच्या फुटबॉलमध्ये तिने खूप फरक पाडलाय. त्याआधी बॉल मोठ्या डीच्या बाहेर गेल्याशिवाय खेळ सुरूच व्हायचा नाही, आणि दहा वर्षांच्या पोराला एवढी लांब किक मारणं जड जातं, त्यामुळे समोरची टीम डीच्या रेषेवर वाट बघत उभी राहायची आणि स्वतःची गोलकिक म्हणजे स्वतःलाच शिक्षा व्हायची. दुसरा घोटाळा त्याहून वाईट, एक गोलने पुढे असलेल्या टीमचा डिफेंडर मुद्दाम आत येऊन बॉलला पाय लावायचा, रेफरी किक परत घ्यायला सांगायचा, आणि तेवढा वेळ आरामात निघून जायचा. नवीन नियमाने ही पळवाट बंद झाली. आता डिफेंडर आतच बॉल घेऊ शकतो, फक्त किक लागताक्षणी समोरचे पण आत धावू शकतात हे पोरांना आधीच शिकवावं लागतं.

तरी उशीर करायच्या बाकीच्या तऱ्हा आहेतच. बॉल डाव्या कोपऱ्यात ठेवायचा, चार पावलं मागे जायचं, मग विचार बदलल्यासारखं करून तो उचलून उजव्या कोपऱ्यात न्यायचा, बूट पोलवर आपटून माती झाडायची, मोजे वर ओढायचे, आणि टचलाइनवरून सर ओरडतायत "आराम से, आराम से!" हे सगळं पोराच्या डोक्यातून येत नाही, मोठ्यांकडून येतं, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की रेफरीने आधी सरांशी बोलावं. फुटबॉलच्या नियमांमधल्या नियम 12 प्रमाणे खेळ सुरू करायला जास्त उशीर केला तर पिवळं कार्ड आहे, आणि शिट्टीनंतर बॉल लांब मारणाऱ्या किंवा उचलून नेणाऱ्यालाही तेच, मग तो कुठल्याही टीमचा असो. वाया गेलेला वेळ रेफरीने शेवटी वाढवून द्यायचा असतो. पण शाळांच्या स्पर्धांत एकाच मैदानावर लागोपाठ मॅच असतात, पुढच्या टीमा बिब्स घालून तयार असतात, त्यामुळे वाढीव वेळ बरेचदा दिलाच जात नाही, आणि उशीर करणाऱ्याचं फावतं ते इथेच.

ग्वाल्हेरात 1957 पासून लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था आहे, तेव्हा नियम सांगणारं कोणी नाही असं इथे म्हणता येत नाही. पण शहराच्या लष्कर भागातल्या शितोळ्यांच्या गोठीतली किंवा फालके बाजारातली पोरं जिथे कुठे मोकळी जागा मिळेल तिथे खेळतात तेव्हा गोलमागे जाळी नसते, बॉल एकच असतो, तो थेट रस्त्यावर नाहीतर नाल्यात जातो, आणि आणायला गोलकीपरच धावतो. याला उशीर करणं म्हणत नाहीत! मे महिन्याच्या उन्हात धापा टाकत परत आलेल्या पोराला "लवकर मार" म्हणून झापणं बरोबर नाही. गोलमागे एक जादा बॉल घेऊन कोणाच्या तरी दादाला उभं केलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. पाण्यासाठीचा ब्रेक वेगळा, तो स्पर्धेच्या नियमांत असेल तर जास्तीत जास्त एक मिनिटाचा.

पालक आणखी एका गोष्टीत गोंधळ करतात. गोलकीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक), हा 2025-26 पासूनचा नियम हातात पकडलेल्या बॉलसाठी आहे, गोलकिकसाठी ठेवलेल्या बॉलला ते आठ सेकंद लावायचे नाहीत. गोलकिकवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड, म्हणजे समोरच्या बचावाच्या पलीकडे उभं राहून बॉल घेण्याची चूक, धरत नाहीत. छोट्यांमध्ये नेहमी होणारी चूक म्हणजे किक नीट लागत नाही, बॉल दोन हात सरकतो आणि पोरगा घाईत परत मारतो, मग समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत) मिळते, तीही छोट्या डीच्या रेषेवरून, गोलपासून फक्त साडेपाच मीटरवर. आणि गोलकिक उलटी जाऊन थेट स्वतःच्याच गोलमध्ये शिरली तर गोल धरत नाहीत, कॉर्नर देतात.