प्रवाळ-टाकीतील फॉस्फेट नियंत्रण

प्रवाळ-टाकीतील फॉस्फेट नियंत्रण : खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत जिवंत प्रवाळ पाळताना पाण्यात विरघळलेले फॉस्फेट अत्यल्प, पण शून्याच्या वर टिकवून धरण्याची रीत. प्रवाळांच्या खडकांभोवतीच्या मोकळ्या समुद्रात पृष्ठभागावरचे फॉस्फेट साधारणपणे लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या (०.०३ पीपीएम) आत असते. बंद टाकीत ही पातळी आपोआप राहत नाही. खाद्य रोज आत येते, बाहेर जायला मात्र वाट नसते. अनुभवी हौशी मंडळी टाकी ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या पट्ट्यात ठेवतात. मऊ प्रवाळांच्या टाक्या ०.२ पर्यंतही चांगल्या चालतात. नेमका आकडा कोणता, यापेक्षा तो एकदम वरखाली होत नाही ना, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात गोड्या पाण्यातले मासे पाळणारी घरे पुष्कळ आहेत. प्रवाळाची टाकी त्यामानाने विरळा. गोड्या पाण्याच्या सवयी घेऊनच माणूस खाऱ्याकडे वळतो आणि बहुधा फॉस्फेटपाशीच पहिली ठेच लागते.

फॉस्फेट वाढले की तंतूसारखे हिरवे शेवाळ खडकांवर पसरते, काच दर दोन दिवसांनी पुसावी लागते. ही झाली डोळ्यांना दिसणारी बाजू. दुसरी बाजू प्रवाळाच्या सांगाड्याची. प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन ॲरॅगोनाइटचे (कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचे) स्फटिक रचतात. फॉस्फेट त्या वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून पुढची रचना अडवते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील वन ट्री बेटाजवळ खडकाच्या एका भागात नत्र आणि फॉस्फेट मुद्दाम वाढवून पाहण्यात आले. तिथले कॅल्शियम कार्बोनेट साचण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे १९७९ साली प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगात नत्रही सोबत होते, म्हणून सगळा दोष एकट्या फॉस्फेटच्या माथी मारता येत नाही. पुढे टाकीत केलेल्या प्रयोगांत जास्त फॉस्फेटमध्ये ॲक्रोपोरा जातीचे प्रवाळ लांबीला उलट भरभर वाढलेले आढळले, पण सांगाडा कमी घन भरला.

शून्याचा हव्यास याहून घातक ठरतो. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालांना वाढीसाठी आणि पेशीपटलांसाठी फॉस्फरस लागतोच. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट जवळजवळ नाही, अशा पाण्यात प्रवाळ उष्णता व प्रकाशाचा ताण सोसू शकत नाहीत आणि लवकर पांढरे पडतात. अशाच उपाशी टाक्यांत डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर पसरतो आणि तो हटवणे शेवाळ हटवण्यापेक्षा कितीतरी कठीण. शेवाळाने त्रासलेला नवखा माणूस औषध टाकल्यासारखा उपाय करून एका आठवड्यात फॉस्फेट शून्यावर आणतो, तेव्हा हाती आलेली टाकी तो स्वतः गमावत असतो.

फॉस्फेटचा मुख्य स्रोत खाद्य हा आहे. हिशेब सोपा आहे. सुक्या खाद्यात १ टक्का फॉस्फरस धरला, तर १ ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट येते. २०० लिटरच्या टाकीत ते सगळे विरघळले तर पातळी ०.१५ पीपीएमने वाढते. काही भाग माशांच्या अंगी लागतो, उरलेला विष्ठा आणि कुजणाऱ्या कणांतून पाण्यात उतरतो. गोठवलेले खाद्य चाळणीत धुऊन घालण्याचा प्रघात चांगला आहे, पण त्याने फार काही साधत नाही, कारण बहुतेक फॉस्फरस मांसातच असतो. माशांची संख्या टाकीला झेपेल एवढीच ठेवणे हा खरा उपाय.

दुसरा संशय पाण्यावर घेतला जातो. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून पाणी मिळते. जलशुद्धीकरणात गढूळपणा बसवायला तुरटी वापरली जाते, तेव्हा गाळाबरोबर फॉस्फेटही बऱ्यापैकी खाली बसते. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या उसाच्या पट्ट्यात पाणी बहुधा बोअरचे. शेतात डीएपीची पोती पडतात म्हणून बोअरच्या पाण्यात फॉस्फेटच जास्त असणार, असा समज असतो. प्रत्यक्षात फॉस्फेट मातीतच अडकते आणि पाण्याबरोबर खाली जाते ते नायट्रेट. कोणतेही पाणी असो, ते आरओ आणि त्यानंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरणाऱ्या दाण्यांतून) काढून टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवू लागल्यावरच त्यात मीठ मिसळावे. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्रात चवीसाठी खनिजांची कांडी किंवा कच्चे पाणी मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो. टाकीचे पाणी त्याच्या आधीच काढून घ्यावे लागते.

फॉस्फेट मातीत का अडकते, हे समजले की टाकीतले निम्मे कोडे सुटते, आणि त्याचा दाखला याच जिल्ह्याच्या दोन टोकांना आहे. पूर्वेकडच्या काळ्या, चुनखडीयुक्त मातीत घातलेले सुपर फॉस्फेट कॅल्शियमशी बांधले जाते आणि पिकाला सगळे मिळत नाही. पश्चिमेला खानापूरकडच्या जांभ्या मातीत तेच काम लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे करतात. टाकीत हे दोन्ही मार्ग कामी येतात. खडक आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असल्याने पहिले कित्येक महिने फॉस्फेट शोषून घेतात. चाचणी सुंदर आकडा दाखवते आणि मालक निर्धास्त राहतो. पृष्ठभाग भरला की पातळी चढू लागते. मग पाणी बदलले तरी दोन दिवसांत आकडा पुन्हा जवळजवळ तिथेच, कारण पाण्यातली पातळी उतरताच खडक आपला साठा सोडू लागतो. २० टक्के पाणी बदलल्यावर ०.२० चे ०.१६ व्हायला हवे ते टिकत नाही, यात पाण्याचा किंवा मिठाचा दोष क्वचितच असतो. साठा जितका जुना, तितके महिने उतरवायला लागतात, आणि ते तसे लागू द्यावेत.

लोहाचा मार्ग म्हणजे बाजारात मिळणारी दाणेदार लोह ऑक्साइडची गाळणी, जीएफओ. तपकिरी दाणे आरओच्या पाण्यात धुऊन, पाणी हलके फिरेल अशा नळकांड्यात ठेवतात. जोरात घुसळले तर त्यांचा भुगा होऊन टाकीत जातो. सुरुवात शिफारशीच्या निम्म्या किंवा चौथाई मात्रेने करावी. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा सारखा आला की दाणे संपले. जांभा दगड फोडून तेच काम होईल, अशी कल्पना सुचणे साहजिक आहे; त्यात इतर धातू आणि माती काय आहे याचा भरवसा नसल्याने तो टाकीत घालू नये.

लँथेनम क्लोराइडचे द्रावण फॉस्फेटचा साका करते. ते फार वेगाने काम करते, हीच त्याची अडचण. साका पाच ते दहा मायक्रॉनच्या पिशवीत अडवला नाही तर माशांच्या कल्ल्यांत जातो, आणि टँग जातीचे मासे याने मेल्याचे अनेकांनी अनुभवले आहे. कार्बोनेटही सोबत बसल्याने केएच (पाण्याची कार्बोनेट अल्कता) उतरतो. लहान टाकीत त्याच्या वाटेला जाऊ नये.

जैविक मार्गांत संपमध्ये (मुख्य टाकीच्या जोडटाकीत) प्रकाशाखाली वाढवलेले कीटोमॉर्फा शेवाळ सीमाभागातल्या माणसाला सर्वांत परवडणारे. गाळण्याचे दाणे पुण्या-मुंबईहून किंवा बंगळूरहून कुरियरने मागवावे लागतात, शेवाळ घरच्या घरी वाढते. ते नियमित काढून टाकले तरच फॉस्फेट टाकीबाहेर जाते. एक मर्यादा ध्यानात ठेवावी: सागरी शेवाळाला फॉस्फरसच्या एका अणूमागे नत्राचे सुमारे ३० अणू लागतात. नायट्रेट आधी संपले तर शेवाळ थांबते आणि फॉस्फेट तसेच राहते. अशा वेळी नायट्रेट थोडे वाढवल्यावर फॉस्फेट उतरते. प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारे उपकरण) विरघळलेले फॉस्फेट थेट काढत नाही, पण सेंद्रिय कण सडण्याआधीच बाहेर काढतो.

व्हिनेगर किंवा व्होडकाचे थेंब देऊन जिवाणू वाढवण्याची पद्धतही रूढ आहे; ते नत्र-फॉस्फरस घेऊन वाढतात आणि स्किमरमधून निघतात. इथे बेळगावकराने जपून राहावे. शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्के कमी आणि त्याच प्रमाणात पाण्यात मुरणारा प्राणवायूही कमी. जिवाणू एकदम वाढून पाणी दुधाळ झाले आणि त्याच रात्री वीज गेली, तर मासे पहाटेपर्यंत गुदमरतात. प्रवाहाचा एक तरी पंप इन्व्हर्टरवर असल्याखेरीज हा मार्ग धरू नये. मेलेला एक मासा खडकामागे राहून गेला तरी फॉस्फेट पुन्हा चढते.

चुन्याची निवळी बाष्पीभवनाची भर घालण्यासाठी थेंबथेंब दिली जाते. तिने कॅल्शियम आणि केएच राखले जातात, शिवाय थेंब पडतो तिथल्या तीव्र अल्कतेत काही फॉस्फेटही बसते. पानाचा चुना वापरू नये. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे.

मोजणी मॉलिब्डेनम निळ्या रंगाच्या पद्धतीवर चालते. थेंबांच्या संचात ०.०३ आणि ०.०८ यांतला फिकट फरक डोळ्यांना कळत नाही, म्हणून हॅनासारखा छोटा रंगमापक घेणे हा खर्च योग्यच. त्याचा एक प्रकार आकडा फॉस्फरसच्या पीपीबीत (पीपीएमच्या हजाराव्या भागात) देतो, तो ३.०६६ ने गुणून १००० ने भागला की फॉस्फेटचे पीपीएम मिळतात. खताच्या पोत्यावरचे ४६ टक्के हे तिसऱ्याच एककात, फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये असते. काचकुपीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा असला तरी आकडा बिघडतो. शेवाळाने भरलेल्या टाकीत शून्य दिसले तर हुरळून जाऊ नये: फॉस्फेट शेवाळाच्या अंगात आहे.

चोर्ला घाट उतरला की गोव्याचा समुद्र, तेव्हा मीठ विकत घेण्याऐवजी तिथले पाणी आणावे, असे वाटते. पावसाळ्यात नद्यांचे पाणी किनाऱ्यावर मिसळते आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात खोलातले पोषक पाणी वर येते. अशा खोल पाण्यात फॉस्फेट ०.२ पीपीएमच्याही वर असू शकते. जून ते सप्टेंबर हे पाणी आणूच नये, इतर वेळीही मोजल्याशिवाय वापरू नये.

मालवणच्या किंवा कर्नाटक किनाऱ्यावरील नेत्राणी बेटाच्या परिसरातला प्रवाळ, जिवंत वा मेलेला, उचलून आणणे हा गुन्हा आहे. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली २००१ पासून संरक्षण आहे. जुन्या टाकीतला सुका खडक मिळाला तर त्यात आधीच्या मालकाचे सगळे फॉस्फेट साठलेले असते. तो वेगळ्या पिंपात खाऱ्या पाण्यात ठेवून, पंप फिरवत, पाणी बदलत राहावे आणि आकडा आठवडाभर न चढता टिकला की मगच टाकीत घ्यावा. रिकाम्या पिंपात मासे नसल्याने लँथेनमही इथे निर्धास्तपणे वापरता येते. फक्त नंतर खडक स्वच्छ धुऊन घ्यावा.